एक वाडा, तीन हिवाळे: लष्करातल्या एका बागेचे प्रकरण

जागा आणि झाडे

ग्वाल्हेरच्या लष्कर नावाच्या भागात, जुन्या गोठींपैकी, म्हणजे जुन्या मराठी वस्त्यांपैकी, एकीत, हा वाडा आहे. वालुकाश्माच्या जाड भिंती, दोन मजले, मधोमध जेमतेम अठरा फुटांचा चौक, वर गच्ची, मागे परसू. परसाची जमीन जोत्यापेक्षा हातभर खाली आणि तिला तिन्ही बाजूंनी कुंपणभिंत. राहणारे दोघेच: बँकेतून निवृत्त झालेले काका आणि बागेवर जीव असलेल्या काकू. मुलगी पुण्याला दिली आहे. तिच्याकडून झेलम एक्सप्रेसने परतताना काकूंच्या बर्थखाली एखादी कुंडी, नाहीतर ओल्या फडक्यात गुंडाळलेल्या फांद्या हमखास असतात. अनंत, देवचाफा, जास्वंदीचे चार रंग आणि अडेनियम असेच आले. अळूचे कंद आणि केळीचा मुनवा, म्हणजे बुंध्याशी फुटणारे पिल्लू, कोकणातल्या नातेवाइकांनी दिलेला. याखेरीज कढीपत्ता, मोगरा, पपई, दोन वर्षांचे आंब्याचे कलम, वृंदावनात आणि कुंड्यांतही तुळस, आणि थंडीपुरती पिटुनिया, पॅन्झी, फ्लॉक्स, स्वीट पी, झेंडू. गुलाबही आहेत, पण त्यांनी या प्रकरणात काहीच त्रास दिला नाही.

माळी हप्त्यातून तीनदा येतो. ग्वाल्हेरच्याच मोरार भागाच्या पलीकडे त्याचे गाव, थोडी शेती, त्यात बटाटा आणि मोहरी. बाकीच्या दिवशी पाण्याचे काम काकूंचे.

जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात काकूंचा फोन आला. "अरे, थंडीनं माझी सगळी बाग गेली. एकदा येऊन बघून जा, काय ठेवायचं आणि काय उपटायचं." 'सगळी' हा शब्द बागेच्या तक्रारीत मी कधीच खरा धरत नाही. एकाच कारणाने सगळी झाडे एकदम जात नाहीत, आणि जातात तेव्हा ते कारण बहुधा माणूस असतो.

आधीचे दोन महिने

काकूंकडे बागकामाची एक मराठी दिनदर्शिका आहे, पुण्याकडे छापलेली. तिच्या हिशेबाने डिसेंबर-जानेवारी म्हणजे बागेचे सुखाचे दिवस: खत द्या, हलकी छाटणी करा, नवी फूट येऊ द्या. पुण्याला ते बरोबरच आहे. पुणे साडेअठरा अक्षांशावर, ग्वाल्हेर सव्वीसच्या वर. पुण्यात पारा सात-आठवर उतरला की वर्तमानपत्रात बातमी होते. ग्वाल्हेरचे जानेवारीतले सरासरी किमान तापमानच सातच्या आसपास असते, म्हणजे महिन्यातल्या निम्म्या रात्री त्याहून खाली. तरीही दिनदर्शिकेला धरून डिसेंबरच्या सुरुवातीला सगळ्या कुंड्यांत मूठमूठ डीएपी (नत्र-स्फुरदाचे खत) पडले, जास्वंदीला वर थोडा युरिया. महिनाअखेरीपर्यंत जास्वंदीला कोवळी, पोपटी, रसरशीत फूट आली. काकूंनी तिचे फोटो लेकीला पाठवले होते. मला तेच फोटो दाखवताना त्यांचा सूर होता, "बघ, इतकं छान होतं आणि गेलं."

पाणी रोज, संध्याकाळी दिवेलागणीच्या आधी, उन्हाळ्यात असते तितकेच. डिसेंबरअखेर मावठा झाला, पाठोपाठ चार-पाच दिवस दाट धुके. ऊन नव्हतेच, तरी पाणी चालू. धुक्यातच गच्चीवरच्या कुंड्यांवर माळ्याने जाड पॉलिथिनचा कागद अंथरला आणि कडेने विटा ठेवल्या. कागद थेट झाडांच्या शेंड्यांवर टेकलेला, दिवसाही तसाच. मग धुके उडाले, आकाश लख्ख झाले, वारा पडला. त्या रात्री शहराचे अधिकृत किमान तापमान चारच्या आसपास नोंदले गेले. सकाळी परसातली हिरवळ पांढरी होती. इथे याला 'पाला पडला' म्हणतात. आपल्याकडची जुनी माणसे दहिवर म्हणतात.

दुपारपर्यंत गच्ची आणि परसू काळवंडले. दुसऱ्या दिवशी माळ्याने गच्चीवरच्या दोन जास्वंदी काळ्या भागाखाली, निम्म्यावर छाटल्या. आठवड्याने चौकातल्या कुंड्यांचीही पाने पिवळी पडू लागली, तेव्हा काकूंनी फोन केला.

चार अंशांना बर्फ कसा

काकांचा पहिला प्रश्न हाच होता. पेपरात चार लिहिले आहे, पाणी तर शून्याला गोठते, मग गवतावर बर्फ कुठून आला? प्रश्न रास्त आहे आणि त्याचे उत्तर कळले की अर्धी बाग वाचते.

हवामान खात्याचा तापमापक पांढऱ्या जाळीदार पेटीत, जमिनीपासून साधारण सव्वा मीटर उंचीवर, सावलीत असतो. तो हवेचे तापमान सांगतो. पान मात्र उघड्या आकाशाखाली आपली उष्णता सरळ वर सोडत असते. आकाश निरभ्र, वारा बंद आणि हवा कोरडी असेल तर गवताचा किंवा पानाचा पृष्ठभाग भोवतालच्या हवेपेक्षा काही अंशांनी थंड होतो. त्यामुळे पेपरात तीन-चार असताना गवतावर शून्याखाली असू शकते. खात्याच्या व्याख्येत मैदानी भागात किमान तापमान ४ अंश किंवा त्याखाली गेले की थंडीची लाट, २ किंवा त्याखाली गेले की तीव्र लाट. बागवाल्याने ४ ऐकले की शून्य समजावे.

उलट ढग किंवा धुके असेल तर ते निघालेली उष्णता परत खाली पाठवते. धुक्याच्या रात्री अंगाला जास्त बोचतात, पण दहिवराच्या दृष्टीने त्या बऱ्या. धोक्याची रात्र म्हणजे मावठा आणि धुके निघून गेल्यानंतरची पहिली-दुसरी स्वच्छ, निवांत रात्र. या वाड्यात नेमके तसेच झाले.

आणखी एक गोष्ट. थंड हवा जड असते, ती पाण्यासारखी उताराला वाहते आणि खोलगटात साचते. या वाड्याचे परसू हातभर खाली आणि तिन्हीकडून बंद. साचायला याहून चांगली जागा नाही.

तपासणी

पाहणी मी मुद्दाम चौकातून सुरू केली, कारण चौकात दहिवर पडणे जवळपास अशक्य आहे. तिथून आकाशाचा चौकोनी तुकडाच दिसतो, आणि चहूकडच्या दगडी भिंती रात्रभर ऊब सोडतात. तरीही तिथलाच अनंत, दोन क्रोटन आणि तीनपैकी दोन अडेनियम आजारी होते. म्हणजे चौकातला गुन्हेगार थंडी नव्हता.

अनंताची पिवळी पाने खालून वर चढत होती, शेंडे अजून हिरवे. दहिवराचा मार नेमका उलटा असतो: वरची, बाहेरची, आकाशाकडे तोंड केलेली पाने एका सकाळीत काळी आणि पिचपिचीत होतात, आतली-खालची वाचतात. अनंताची कुंडी उचलायला गेलो तर दोन्ही हात लावावे लागले. माती वरून सुकलेली वाटत होती. बोट दोन पेरे आत घातले तर चिखल, आणि बोटाला आंबूस वास. कुंडीखालच्या थाळीत पाणी साठलेले. कुंडी आडवी करून मातीचा गोळा बाहेर सरकवला. बाहेरच्या बाजूची मुळे तपकिरी, आणि एक मूळ चिमटीत धरून ओढल्यावर त्याची साल मोज्यासारखी निघून आली, आत नुसता दोरा. तळाचे भोक बारीक मुळ्यांनी आणि मातीने बुजलेले. अडेनियमच्या एका फुगीर खोडावर अंगठा दाबला तर तो आत गेला. बाकीची दोन अजून कडक होती.

काकूंचे म्हणणे होते, "थंडीत पाणी नाही घातलं तर झाड सुकून नाही का जाणार?" तेव्हा चौकातल्या उन्हाचा हिशेब मी फरशीवर खडूने करून दाखवला. २१ डिसेंबरला ग्वाल्हेरात भर दुपारीही सूर्य क्षितिजापासून चाळीसएक अंशच वर येतो. चौकाची दक्षिण भिंत वीस फूट धरली तर तिची सावली चोवीस फूट पडते. चौक अठरा फुटांचा. म्हणजे डिसेंबर-जानेवारीत चौकाच्या फरशीवर ऊन पडतच नाही, एक मिनिटही नाही. जूनमध्ये तोच सूर्य जवळपास डोक्यावर असतो आणि चौक भाजून निघतो. काकू उन्हाळ्यात पाहिलेल्या चौकाला हिवाळ्यात पाणी घालत होत्या. ऊन नाही, वारा नाही, झाडाची वाढ जवळपास थांबलेली, मग पाणी जाणार कुठे? ते मुळांशी साचते, मातीतली हवा संपते, मुळे कुजतात. कुजलेले मूळ पाणी उचलत नाही, म्हणून पाने मलूल होतात, आणि मलूल पान पाहून आणखी पाणी पडते. चौकातल्या कुंड्या या चक्रात अडकलेल्या होत्या.

गच्चीवरचे चित्र वेगळे. तिथे खरोखर दहिवर होते, पण सगळीकडे सारखे नाही. कठड्यालगतच्या कुंड्या काळ्या. जिन्याच्या खोलीच्या दक्षिण भिंतीला लागून असलेल्या कुंड्यांतल्या एका जास्वंदीचे एक पानही गेले नव्हते. तीच जात, तेच खत, तेच पाणी, मध्ये फक्त दहा फुटांचे अंतर. दिवसभर तापलेला दगड आणि निम्मे झाकलेले आकाश, एवढ्यानेच ती वाचली. पॉलिथिनखालच्या झाडांवर तर मारामारीच्या खुणा दिसाव्यात तसे डाग होते. जिथे कागद पानाला टेकला तिथे काळा पट्टा, जिथे सुटा राहिला तिथे हिरवे. प्लास्टिक स्वतः आकाशाखाली गार होते आणि ज्याला टेकते त्याला गोठवते. दिवसा कागद न काढल्याने आत घाम सुटून पिटुनियाच्या खालच्या पानांवर करडी बुरशी धरली होती, ते नुकसान वेगळेच.

झेंडूने मात्र काकूंचा विश्वासघात केला होता. थंडीत फुलतो म्हणून तो थंडीचा, असा समज सर्वत्र आहे. झेंडू दहिवर सोसत नाही. पॅन्झी, फ्लॉक्स, स्वीट पी सोसतात. त्याच सकाळी स्वीट पीच्या पानांवर पांढरी साय होती आणि दहा वाजता ती झटकून वेल पुन्हा उभे होते.

देवचाफ्याची काठी ओकीबोकी उभी, एकही पान नाही. काकूंनी तो गेलाच धरला होता. मी नखाने साल किंचित खरवडली: खाली ओला हिरवा थर. तो झोपलेला होता. मोगऱ्याचेही तेच.

परसात सर्वांत जास्त मार होता, अपेक्षेप्रमाणे. केळीची पाने उकडल्यासारखी लोंबलेली, अळू जमीनदोस्त, पपईचा शेंडा काळा आणि मऊ. आंब्याच्या कलमाची वरची फूट जळलेली, खालची जून पाने बरी. कढीपत्त्याची निम्मी पाने गळलेली, पण त्याची काळजी नव्हती. तापमान सोळाच्या खाली गेले की कढीपत्त्याचे डोळे, म्हणजे अंकुर, निजतात, आणि उत्तरेकडे तो दर हिवाळ्यात असा उघडा पडतो.

हिरवळीवर मला एक गंमत सापडली. पिवळट गवतावर तपकिरी पावलांची रांग, मागच्या दारापासून कुंपणभिंतीपर्यंत आणि परत. सकाळी दवात चालले की डोळे चांगले राहतात म्हणून काका रोज फेरी मारतात. जानेवारीत अनवाणी नाही, कॅनव्हासचे बूट घालून. गोठलेल्या गवताच्या पात्यावर पाय पडला की आतले बर्फाचे कण पेशी फाडतात आणि पाते तिथेच मरते. बाकीची हिरवळ पिवळी होती ती मात्र आजारी नव्हती. दूर्वेच्या जातीचे गवत थंडीत निजते.

दहिवर, कूज आणि झोप

म्हणजे एकाच बागेत तीन गोष्टी घडल्या होत्या आणि तिन्ही 'थंडी' या एका नावाखाली गेल्या होत्या. परसात आणि गच्चीच्या कडेला दहिवराचा मार. चौकात पाण्याने आलेली मूळकूज. आणि चाफा, मोगरा, कढीपत्ता, हिरवळ यांची साधी झोप. उपायही तिघांचे वेगळे, काही तर एकमेकांच्या उलट.

खताचा वाटा मी चौथा धरतो. डिसेंबरच्या नत्राने आलेली कोवळी फूट पाण्याने भरलेली असते आणि पहिल्या दहिवराला तीच बळी पडते. भिंतीजवळची जास्वंद वाचली, कठड्याजवळची खालपर्यंत जळली. खत नसते तर कठड्याजवळची निदान कोवळ्याऐवजी जुन्या, कडक फांद्या घेऊन तरी जानेवारीत आली असती.

माळ्याचे बरोबर आणि चूक

माळ्याशी बोलणे या प्रकरणातला सर्वांत उपयोगी भाग होता. तो म्हणाला, "बाबूजी, पाला की रात को खेत में पानी लगा दो, सुबह फसल खड़ी मिलेगी।" हे शंभर टक्के खरे आहे. ओली जमीन दिवसा जास्त ऊन साठवते आणि रात्री ती ऊब वर सोडते. मोहरी-बटाट्याचे शेतकरी पिढ्यान्पिढ्या हे करत आले आहेत, आणि बोअरचे पाणी जानेवारीत हवेपेक्षा कितीतरी गरम असते, पहाटे त्यातून वाफ निघते. पण हे शेताला, म्हणजे जमिनीला लागू. कुंडीत दोन वीत माती, चारी बाजूंनी थंड हवा. ती काय साठवणार आणि काय देणार? त्याने शेताचा नियम कुंडीला लावला होता.

धुराबद्दल तो ठाम होता. वाळका पाला जाळून धूर करायचा. इथे मी नाही म्हटले. शेताच्या बांधावरच्या शेकोटीने थोडीफार मदत होते ती आगीच्या उष्णतेने आणि तिने हवा हलते म्हणून. धूर स्वतः उष्णता अडवत नाही. चार भिंतींतल्या परसात तो काकांच्या छातीत जाईल, आणि उघड्यावर कचरा जाळायला राष्ट्रीय हरित लवादाने डिसेंबर २०१६ पासून बंदी घातली आहे. शेतीत दहिवरापूर्वी गंधकाच्या तेजाबाची (सल्फ्युरिक ॲसिडची) एक लिटरला हजार लिटर पाणी अशी फवारणी करतात. ती बरोबर असली तरी घरात तेजाबाची बाटली आणायला मी कोणाला सांगत नाही.

काय केले

पहिले काम: पाणी बंद. चौकातल्या एकाही कुंडीला पुढचे कित्येक दिवस थेंब नाही. थाळ्या उलट्या घातल्या, बुजलेली भोके जाड सळईने मोकळी केली, कुंड्या विटांच्या तुकड्यांवर उचलल्या. ज्या हलवता येतील त्या मागच्या पडवीत, जिथे दहा ते तीन ऊन येते. अनंताची माती बदलण्याचा आग्रह काकूंनी धरला. जानेवारीत मुळांना हात लावणे म्हणजे दुहेरी मार, म्हणून ते फेब्रुवारीअखेरपर्यंत टाळले. फक्त वरची माती खुरप्याने हलकी केली.

मऊ पडलेला अडेनियम टाकून दिला. बाकी दोघांपैकी एकाच्या मुळाशी कूज चढू लागली होती. तो उपटून, धुऊन, सुरीने पांढरा स्वच्छ भाग लागेपर्यंत कापला, गंधकाची भुकटी लावली आणि सावलीत टांगला. काकूंना हा प्रकार अघोरी वाटला. अडेनियम बिनमातीचा आठवडे काढतो, चिखलात मात्र टिकत नाही.

गच्चीवर कात्री बंद. हे पटवायला सर्वांत जास्त वेळ गेला, कारण काळी पाने डोळ्यांना खुपतात. पण जळलेली पाने खालच्या डोळ्यांवर पांघरूण होऊन राहतात, आणि छाटले की झाड नवी फूट काढते, ती पुढच्या रात्रीच्या तोंडी जाते. माळ्याने छाटलेल्या दोन जास्वंदींना तशी फूट आलीच होती, आणि जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यातल्या दुसऱ्या दहिवराने ती नेली.

पॉलिथिन काढून बांबूच्या कांबी उभ्या केल्या आणि त्यांवर जुन्या सुती चादरी, पानांना न टेकतील अशा, खाली फरशीपर्यंत. फरशीची ऊब आत राहावी हा हेतू. संध्याकाळी पाचला टाकायच्या, सकाळी नऊला काढायच्या. कठड्याच्या कुंड्या सगळ्या जिन्याच्या भिंतीशी दाटीने आणल्या. आंब्याच्या कलमाला परसात पेंढ्याचे छप्पर: वायव्येकडून बंद, आग्नेयेकडून उघडे, म्हणजे वारा अडतो आणि सकाळचे ऊन मिळते.

परसात मात्र उलट. स्वच्छ, निवांत रात्रीचा अंदाज असेल त्या दुपारी जमिनीला बोअरचे हलके पाणी, माळ्याच्या पद्धतीने. तिथे मी आच्छादनही पातळ ठेवायला सांगितले. जाड पेंढा मुळांना ऊब देतो, पण जमिनीची उष्णता वर येऊ देत नाही, त्यामुळे त्यावरची हवा आणखी गार होते. मुळे वाचवायची की पाने, हे झाडागणिक ठरवावे लागते. अळू आणि केळीवर जाड पेंढा घातला, कारण त्यांची पाने गेलीच होती, कंद वाचवायचे होते.

पाण्याची वेळ बदलून सकाळी दहा-अकरा केली, तीही बोट घालून पाहिल्यावरच. टाकीत रात्रभर गारठलेले पाणी पहाटे घालायचे नाही. खत फक्त पिटुनिया, पॅन्झी मंडळींना, शेणखताचे पातळ पाणी. काकांची फेरी दहिवराच्या सकाळी चौकात.

रोज संध्याकाळी चादरी टाकायच्या की नाही याचा एक साधा ठोकताळा काकूंना दिला. पाच वाजता गच्चीवर उभे राहायचे. वायव्येचा वारा पडलेला, आकाश निळे आणि हवामान खात्याचा आकडा पाचच्या खाली, तर टाकायच्या. ढग, धुके किंवा वारा असेल तर नको. काकूंनी दुसऱ्याच आठवड्यात तो माझ्याहून बारकाईने वापरायला सुरुवात केली. धुक्याच्या दिवशी चादरी न टाकता निवांत चहा घेत बसायची सवय त्यांना आवडली.

मार्चपर्यंत काय दिसले

चौकातले झाड सुधारते ते पानांवरून दिसत नाही, कुंडीच्या वजनावरून कळते. फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत कुंड्या हलक्या झाल्या, सूर्य वर आला आणि चौकाच्या उत्तर कडेला उन्हाची पहिली पट्टी पडली. अनंताने निम्मी पाने टाकली होती, पण शेंड्याला दोन टोकदार कळ्या धरल्या. माती तेव्हा बदलली. क्रोटन एक वाचला, एक नाही. टांगलेला अडेनियम मार्चमध्ये नव्या, वाळूमिश्रित मातीत गेला आणि फुटला. तिसऱ्याला काहीच झाले नव्हते.

गच्चीवरच्या न छाटलेल्या जास्वंदींना होळीच्या आसपास जमिनीपासून वीतभर उंचीवर डोळे फुटले. तेव्हा वरचा वाळका भाग काढला, मगच काढला. माळ्याने छाटलेल्या दोनांपैकी एक मातीपासून पुन्हा उगवली, दुसरी गेली. मोगरा फेब्रुवारीच्या सुरुवातीला फूटभर ठेवून छाटला, शेणखत घातले, आणि तेव्हापासून भरपूर पाणी. हा मोगऱ्याचा उत्तरेकडचा रिवाज आहे: थंडीत उपाशी ठेवायचा, वसंतात जेवू घालायचा. एप्रिलमध्ये काकूंच्या देवघरात ओंजळभर कळ्या होत्या. देवचाफा मार्चअखेर शेंड्याला हिरवा झाला. कुंड्यांतल्या तुळशी गेल्या. वृंदावनातली चौकात असल्याने कशीबशी टिकली आणि तिच्याच मंजिऱ्यांतून मार्चमध्ये रोपे आली.

परसात केळीचा बुंधा कोसळला, पण एप्रिलमध्ये बाजूने दोन मुनवे वर आले. अळू पहिल्या उकाड्यालाच परतले, तेही जोमाने. आंब्याचे जळलेले शेंडे फेब्रुवारीअखेर छाटले, छपर काढले. पपई गेली. शेंडा मेल्यावर तिचे पोकळ खोड वरून कुजत खाली आले, आणि वाचवण्यासारखे काही उरले नाही.

पुढच्या हिवाळ्याआधी

दिनदर्शिकेवर काकूंनी लाल पेनाने ग्वाल्हेरचे वेगळे महिने लिहिले आहेत. नत्राचे शेवटचे खत सप्टेंबरअखेर, त्यानंतर थेट फेब्रुवारीअखेर. दिवाळीनंतर चौकातल्या कुंड्या पडवीत किंवा गच्चीच्या दक्षिण भिंतीशी, चौकात फक्त वृंदावन आणि आठवड्यातून एकदा पाण्यावर भागणारी झाडे. गच्चीवरच्या कांबी नोव्हेंबरपासूनच उभ्या राहतील, चादरी हाताशी असतील. पुण्याहून काय आणायचे याबद्दल माझे आणि त्यांचे अजून एकमत नाही. माझ्या मते या गावात हिवाळ्याची खरी मजा पिटुनिया, स्वीट पी, गुलाब आणि शेवंतीत आहे. ग्वाल्हेरच्या व्यापार मेळ्यात रोपवाटिकांच्या रांगा लागतात, त्यांच्याकडे हेच जास्त असते आणि ते उगाच नसते. काकूंना अनंताशिवाय बाग म्हणजे बागच नाही. त्यामुळे आणखी एक अनंत येणार हे मी गृहीत धरले आहे. तो मातीच्या मोठ्या भोकाच्या कुंडीत, विटांवर आणि बिनथाळीचा राहील एवढे मात्र त्यांनी कबूल केले.

पपईच्या जागी डाळिंब लावले. ग्वाल्हेरची थंडी ते सहज काढते, कारण थंडीत ते पाने टाकून निजते. डिसेंबरमध्ये ते उघडे पडेल, हे काकूंना आताच सांगून ठेवले आहे, आणि तेव्हा त्याला पाणीही देऊ नका, असेही.